सोसण्याचे नव्हे, सांगण्याचे उपचार

कर्करोगाचे उपचार म्हटले की आपल्याकडे डोळ्यांसमोर येते ती केमोथेरपी. केस गळणार, तोंड येणार, ओकाऱ्या होणार, आठ-दहा दिवसांनी पांढऱ्या पेशी उतरणार आणि पुढच्या सलाईनपर्यंत माणूस थोडा सावरणार, हे वेळापत्रक आता घराघरांत माहीत झाले आहे. शेजारच्या काकूंपासून ऑफिसातल्या सहकाऱ्यापर्यंत कोणीतरी त्यातून गेलेले असते. या सगळ्या अनुभवाचे सार एका शब्दात सांगायचे तर सोसणे. त्रास ठरलेला आहे, तो औषधाचाच आहे, दिवस मोजत काढायचा आणि शक्यतो कुरकुर करायची नाही. इम्युनोथेरपी बाहेरून पाहिली तर अगदी तशीच दिसते. तोच डे-केअर विभाग, तीच खुर्ची, तशीच शिरेतून जाणारी बाटली, तेच तीन आठवड्यांचे अंतर. त्यामुळे केमोवरून बांधलेल्या अपेक्षा रुग्ण आणि घरचे सहज इकडे आणतात. या प्रकरणाचे म्हणणे असे की या अपेक्षा इथे जवळजवळ प्रत्येक बाबतीत फसवतात, आणि सर्वांत जास्त फसवतो तो सोसण्याचा सद्गुण. इम्युनोथेरपीत रुग्णाचे मुख्य काम सोसणे हे नाही, वेळेवर सांगणे हे आहे.

असे का, ते औषध करते काय यातून कळते. आपल्या शरीरातल्या टी पेशी परक्या किंवा बिघडलेल्या पेशींवर हल्ला करतात. हा हल्ला बेफाम होऊन स्वतःच्याच अवयवांवर उलटू नये म्हणून या पेशींच्या पृष्ठभागावर काही प्रथिने ब्रेकसारखे काम करतात. जपानमधल्या क्योटो विद्यापीठात तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेने १९९२ मध्ये पीडी-१ हे असेच एक प्रथिन शोधले. अमेरिकेत जेम्स ॲलिसन यांनी १९९६ मध्ये दाखवले की सीटीएलए-४ नावाचा दुसरा ब्रेक प्रतिपिंडाने निकामी केला तर उंदरांमधल्या गाठी विरघळतात. कित्येक कर्करोग हेच ब्रेक दाबून धरून प्रतिकारशक्तीच्या तावडीतून सुटतात, हे हळूहळू स्पष्ट झाले. २०११ मध्ये इपिलिमुमॅब आणि २०१४ मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब व निवोलुमॅब ही औषधे अमेरिकेत मान्य झाली. २०१८ मध्ये ॲलिसन आणि होंजो यांना वैद्यकाचे नोबेल मिळाले. यातला लक्षात ठेवण्याचा मुद्दा एकच. केमोचे औषध स्वतः पेशी मारते; हे औषध एकही कर्कपेशी मारत नाही. ते फक्त ब्रेक सैल करते आणि पुढचे काम रुग्णाच्या पेशी करतात. इम्युनोथेरपीत इतरही प्रकार येतात. मूत्राशयात सोडायची बीसीजी लस त्यात आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या संशोधनातून उभी राहिलेली आणि २०२३ मध्ये भारतात मान्य झालेली नेक्सकार-१९ ही कार-टी पेशींची उपचारपद्धतीही त्यातलीच. त्यांचा अनुभव अगदी वेगळा असल्याने इथे चर्चा फक्त ब्रेक सैल करणाऱ्या औषधांची आहे. सर्वाधिक रुग्णांच्या वाट्याला तीच येतात.

पहिली बाटली लागण्याआधीच वेगळेपणा सुरू होतो. गाठीच्या तुकड्यावर पीडी-एल१ किंवा एमएसआय यांसारख्या तपासण्या होतात, कारण कोणाच्या शरीरात या औषधाला वाव आहे याचा अंदाज त्यातून येतो. रक्तातल्या पेशी, यकृत, मूत्रपिंड, साखर, थायरॉइड यांचे आकडे घेतले जातात, बऱ्याचदा कॉर्टिसॉलचा आणि हृदयाचाही पाया नोंदला जातो. यामागे कारण आहे. पुढे एखादा आकडा बिघडला तर तो आधीपासून तसाच होता की औषधाने झाला, हे ठरवायला मूळची नोंद लागते. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही तपासले जातात. आपल्याकडे क्षयाची विचारपूसही महत्त्वाची, कारण पीडी-१ रोखल्यावर दबलेला क्षय उफाळून आल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. संधिवात, सोरायसिस, आतड्याचा दाह किंवा एखादा बसवलेला अवयव ही माहिती इथेच सांगायला हवी. बसवलेल्या मूत्रपिंडाला ब्रेक सैल झालेली प्रतिकारशक्ती नाकारू शकते. त्यानंतरचा प्रत्यक्ष दिवस बहुधा निरस जातो. पेम्ब्रोलिझुमॅब साधारण अर्ध्या तासात शिरेतून जाते, तीन किंवा सहा आठवड्यांनी पुन्हा बोलावले जाते आणि पूर्ण क्रम अनेक कर्करोगांत दोन वर्षांपर्यंत चालतो. केमो जोडीला नसेल तर केस जात नाहीत, ओकाऱ्या क्वचितच होतात. संध्याकाळी माणूस घरी येऊन जेवतो. आणि इथेच पहिला चकवा बसतो. काहीच झाले नाही म्हणजे औषध लागू पडले नाही, असे काहींना वाटते. काहीच झाले नाही म्हणजे पुढेही काही होणार नाही, असे इतरांना. दोन्ही निष्कर्ष चुकीचे, कारण परिणाम बाटलीच्या वेळेवर नाही, पेशींच्या हालचालीवर ठरतो.

पेशी जाग्या होऊन त्यांची संख्या वाढून त्या गाठीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो. म्हणून पहिला स्कॅन साधारण आठ ते बारा आठवड्यांनी होतो आणि तो वाचायलाही वेगळी नजर लागते. गाठीत शिरलेल्या पेशींच्या गर्दीमुळे आणि सुजेमुळे काही रुग्णांत गाठ आधी मोठी दिसते आणि नंतर लहान होते. याला आभासी वाढ म्हणता येईल. त्यासाठी २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने स्कॅन मोजण्याचे वेगळे निकष मांडले: गाठ वाढलेली दिसली आणि रुग्णाची तब्येत चांगली असेल, तर चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा स्कॅन करून खात्री करावी. यावर आक्षेप असा की अशाने खोटी आशा लावली जाते, आणि खरोखर वाढणाऱ्या रोगात मोलाचे आठवडे वाया जातात. आक्षेप रास्त आहे. आभासी वाढ दुर्मीळ असते. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगातसुद्धा ती फार तर दहांतल्या एकाला दिसते, फुप्फुसाच्या कर्करोगात त्याहून कमी. बहुतेकदा वाढलेली गाठ म्हणजे वाढलेला रोगच असतो. मग निर्णय कशावर घ्यायचा? एक्स-रे किंवा सीटीच्या चित्राइतकेच वजन तेव्हा रुग्णाच्या सांगण्याला येते. वेदना कमी झाली का, भूक लागते का, वजन टिकले का, जिना चढवतो का? गाठ मोठी आणि माणूस खंगत चाललेला, तर थांबून वाट पाहण्यात अर्थ नाही. गाठ मोठी पण माणूस सुधारलेला, तर एक स्कॅन थांबणे शहाणपणाचे. डॉक्टरांना बरे वाटावे म्हणून ‘ठीक आहे’ म्हणणारा रुग्ण या निर्णयातला अर्धा पुरावाच लपवत असतो.

लाभाची अपेक्षा किती धरावी, याचेही उत्तर केमोच्या मापाने देता येत नाही. दोन आकडे शेजारी ठेवले तर चित्र स्पष्ट होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार अमेरिकेत २०१८ साली सुमारे ४४ टक्के कर्करुग्ण या औषधांसाठी पात्र होते, पण गाठ लक्षणीय आक्रसेल असे रुग्ण सर्व कर्करुग्णांत सुमारे १२ टक्केच होते. आता दुसरा आकडा. पसरलेल्या मेलॅनोमावर इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब एकत्र दिलेल्या मोठ्या चाचणीत दहा वर्षांनंतर ४३ टक्के रुग्ण जिवंत होते. या औषधांपूर्वी त्या अवस्थेतले बहुतेक रुग्ण वर्षभराच्या आसपास दगावत. पीडी-एल१ भरपूर असलेल्या पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात पेम्ब्रोलिझुमॅब घेणाऱ्यांपैकी सुमारे ३२ टक्के पाच वर्षांनी जिवंत होते. केमोने सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांना २०१५ मध्ये यकृत आणि मेंदूपर्यंत गेलेला मेलॅनोमा निघाला. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि पेम्ब्रोलिझुमॅब घेऊन ते २०२४ पर्यंत, वयाच्या शंभरीपर्यंत जगले. पण स्वादुपिंडाच्या आणि प्रोस्टेटच्या बहुतेक कर्करोगांत या औषधांचा फारसा उपयोग होत नाही. मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कर्करोगात तो मुख्यतः एमएसआय उंच असलेल्या वीसांतल्या एखाद्या रुग्णापुरता आहे. म्हणजे केमोत बऱ्याच जणांना थोडा थोडा आणि मर्यादित काळाचा फायदा होतो. इथे थोड्यांना खूप मोठा आणि टिकाऊ, इतरांना जवळजवळ नाही. म्हणून ‘सरासरी किती महिने मिळतील’ या प्रश्नापेक्षा ‘माझ्या प्रकारच्या कर्करोगात, माझ्या रिपोर्टनुसार, किती जणांना दीर्घ फायदा होतो’ हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आता दुष्परिणाम. ब्रेक सैल केला तो साऱ्या शरीरात. फक्त गाठीजवळ सैल करण्याची सोय अजून नाही. त्यामुळे जागी झालेली प्रतिकारशक्ती कोणत्याही निरोगी अवयवावर घसरू शकते. बहुतेकांत ते खाज, पुरळ, थकवा यांवर निभावते. थायरॉइड आधी जोरात चालून मग थंडावतो, हेही नेहमीचे. पीडी-१ रोखणाऱ्या औषधांवर साधारण दहांतल्या एकाला पुढे थायरॉइडची गोळी लागते. त्याखालोखाल आतड्याचा दाह आणि जुलाब, यकृताचा दाह, फुप्फुसाचा दाह आणि त्यातून कोरडा खोकला व धाप, सांधेदुखी. क्वचित पिट्युटरी किंवा ॲड्रिनल ग्रंथी मंदावते, तेव्हा डोकेदुखी, रक्तदाब उतरणे आणि अंगात त्राण न राहणे एवढेच दिसते. क्वचित स्वादुपिंडातल्या इन्सुलिन करणाऱ्या पेशी नष्ट होऊन काही दिवसांत तीव्र मधुमेह उभा राहतो, आणि खूप तहान, सारखी लघवी, उलट्या ही त्याची चाहूल असते. हृदयाच्या स्नायूचा दाह शंभरांत एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी, पण झाला तर प्राणघातक ठरण्याचे प्रमाण मोठे. तो बहुधा पहिल्या तीन महिन्यांत होतो, आणि सोबत पापणी झुकणे किंवा मान धरता न येणे असे स्नायूंचे दुबळेपणही असू शकते. एकट्या पीडी-१ औषधाने गंभीर त्रास होणारे बहुतेक चाचण्यांत शंभरांत दहा ते पंचवीस असतात. दोन्ही ब्रेक एकदम सैल केले तर निम्म्याहून अधिक. वेळेचा नेमही केमोसारखा नाही. त्वचेचा त्रास पहिल्या काही आठवड्यांत, आतड्याचा आणि यकृताचा साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, ग्रंथींचा त्याहून उशिरा, असा ढोबळ क्रम आहे; पण शेवटच्या बाटलीनंतर कित्येक महिन्यांनीही नवा त्रास उद्भवू शकतो. औषध संपले म्हणजे धोका संपला, असे म्हणता येत नाही.

सांगण्याचे महत्त्व इथे निर्णायक होते, कारण याच दुष्परिणामांवर उतारा आहे आणि तो वेळेशी बांधलेला आहे. त्रास सौम्य असेल तर औषध चालू ठेवून लक्ष ठेवतात. मध्यम असेल तर पुढची बाटली थांबवून स्टेरॉइड सुरू करतात. गंभीर असेल तर रुग्णालयात दाखल करून वजनाच्या प्रत्येक किलोमागे एक ते दोन मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचा डोस देतात आणि तो एकदम न तोडता चार ते सहा आठवड्यांत उतरवत नेतात. तेवढ्याने न भागल्यास इन्फ्लिक्सिमॅबसारखी पुढची औषधे असतात, मात्र यकृताच्या दाहात इन्फ्लिक्सिमॅब टाळतात. दिवसातून चार वेळा जास्त शौचाला जाणाऱ्या माणसाला काही गोळ्यांनी बरे करता येते. तोच माणूस दहा दिवस अंगावर काढून आला तर आतड्याला भोक पडण्याची भीती असते. आपल्याकडे यात आणखी एक पेच आहे. औषध मुंबई-पुण्यात मिळते आणि जुलाब जळगावात किंवा सोलापुरात होतात. तिथले डॉक्टर, त्यांना माहिती नसेल तर, जुलाब म्हणजे जंतुसंसर्ग आणि खोकला म्हणजे छातीत कफ असे समजून अँटिबायोटिक देणार, आणि त्यात त्यांची चूक म्हणता येणार नाही. म्हणून कोणत्याही दवाखान्यात पाऊल ठेवताना पहिले वाक्य हेच असावे: मला इम्युनोथेरपी चालू आहे, किंवा अमुक महिन्यापर्यंत चालू होती. औषधाचे नाव, शेवटची तारीख आणि कर्करोगतज्ज्ञांचा नंबर लिहिलेले कार्ड खिशात असावे. जगातल्या अनेक केंद्रांत असे कार्ड देतातच. दिले नसेल तर ते स्वतः लिहून घ्यायला काही लागत नाही.

यावरचा सर्वांत खरा आक्षेप रुग्णांच्या मनात असतो आणि ते तो क्वचितच बोलून दाखवतात. मी सांगितले तर उपचार थांबवतील. स्टेरॉइड दिले तर जागी झालेली प्रतिकारशक्ती पुन्हा झोपेल. मग लाखो रुपये आणि एकमेव संधी दोन्ही गेले. भीती तर्कशुद्ध आहे, म्हणून तिला पुराव्यानेच उत्तर द्यायला हवे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात इपिलिमुमॅब घेतलेल्या २९८ मेलॅनोमा रुग्णांचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांना दुष्परिणामांसाठी स्टेरॉइड द्यावे लागले. ज्यांना ते द्यावे लागले आणि ज्यांना लागले नाही त्यांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. दोन औषधे एकत्र घेताना सुरुवातीच्याच टप्प्यात दुष्परिणामांमुळे उपचार सोडावे लागलेल्या मेलॅनोमा रुग्णांची पाहणी २०१७ मध्ये आली, आणि त्यांना पूर्ण उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी फायदा झाला असे दिसले नाही. एकदा जागी झालेली प्रतिकारशक्ती औषध थांबल्यावरही काम करत राहते, हे त्याचे स्पष्टीकरण. ही माहिती मुख्यतः मेलॅनोमाची आहे आणि ती प्रत्येक कर्करोगाला जशीच्या तशी लावता येणार नाही, हे खरे. उपचार सुरू होतानाच मोठ्या मात्रेत स्टेरॉइड चालू असतील तर निकाल कमी चांगले दिसतात, हेही नोंदलेले आहे. मात्र अशा रुग्णांचा रोगच बहुधा अधिक गंभीर असतो. तरीही दुष्परिणाम दडवून काहीतरी कमावले जाते, या समजुतीला आधार देणारा पुरावा नाही. उलट लवकर सांगितलेला सौम्य त्रास औषध चालू ठेवू देतो आणि उशिरा कळलेला गंभीर त्रास ते कायमचे बंद करायला लावतो. एक गोष्ट मात्र लपवू नये: ग्रंथींचे नुकसान बहुधा भरून येत नाही. थायरॉइडची गोळी, हायड्रोकॉर्टिसोन किंवा इन्सुलिन जन्मभर लागू शकते, आणि तेवढ्यासाठी इम्युनोथेरपी थांबवावी लागतेच असे नाही.

याच्या उलट टोकाचीही एक समजूत आहे. दुष्परिणाम झाले म्हणजे औषध लागू पडले. काही अभ्यासांत पुरळ उठलेल्या किंवा थायरॉइड बिघडलेल्या रुग्णांचे निकाल सरस दिसतात खरे. पण जो जास्त काळ जगला आणि ज्याने जास्त बाटल्या घेतल्या, त्याला दुष्परिणाम व्हायला जास्त अवधीही मिळाला, हे त्या आकड्यांत दडलेले असते. काहीही त्रास न होता उत्तम फायदा झालेले रुग्ण पुष्कळ आहेत. तेव्हा पुरळ नाही म्हणून खचू नये आणि जुलाब झाले म्हणून आनंदाने अंगावर काढू नयेत. हाच विचार ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ काढ्यांना लागू होतो. अडचण प्रतिकारशक्ती कमी असण्याची नसून तिच्यावर लागलेल्या ब्रेकची आहे, त्यामुळे ती वाढवण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या गोष्टींना इथे काही काम नाही. शिवाय गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला आणि तो वाद इथे सोडवण्याची गरज नाही. यकृताचे आकडे चढले तर दोष इम्युनोथेरपीचा की काढ्याचा हे डॉक्टरांना ओळखता येणार नाही, आणि कदाचित गरज नसताना उपचार थांबतील, एवढे कारण पुरेसे आहे. म्हणून काय काय घेतो ते सांगणे, हेही सांगण्यातच आले.

खर्चाचा मुद्दा टाळून हे प्रकरण प्रामाणिक राहणार नाही. पूर्ण मात्रेतल्या एकेका खेपेचा खर्च लाखांच्या घरात जातो आणि भारतातल्या बहुसंख्य रुग्णांच्या तो आवाक्याबाहेर आहे. पण हा प्रश्न इथल्याच डॉक्टरांनी प्रयोगाच्या पातळीवर नेला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डोके व मानेचा पुढे गेलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांवर चाचणी झाली. तंबाखूमुळे हा रोग आपल्याकडे घरोघरी ओळखीचा आहे. अर्ध्या रुग्णांना कमी मात्रेतली तोंडाने घ्यायची औषधे दिली, अर्ध्यांना त्यांच्या जोडीला दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब. नेहमीची मात्रा दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते. एका वर्षानंतर पहिल्या गटात सुमारे १६ टक्के आणि दुसऱ्यात सुमारे ४३ टक्के रुग्ण जिवंत होते. ब्रेक सैल व्हायला वाटते त्याहून पुष्कळ कमी औषध पुरत असावे, असा याचा अर्थ लावता येतो. पूर्ण मात्रेशी थेट तुलना या चाचणीत नव्हती आणि ती एकाच केंद्रातली होती, त्यामुळे प्रत्येक कर्करोगात कमी मात्रा चालेल असे म्हणता येत नाही. पण घर गहाण टाकण्याआधी ‘माझ्या आजारात कमी मात्रेचा पुरावा आहे का’ हे विचारणे गैर नाही, आणि पैशांची अडचण डॉक्टरांपासून लपवणे हे लक्षण लपवण्याइतकेच महागात पडते.

सांगण्याने खरोखर फरक पडतो का, की हा केवळ तर्क आहे? न्यूयॉर्कमध्ये पसरलेल्या कर्करोगावर नेहमीची केमो घेणाऱ्या ७६६ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे आयुर्मानाचे निकाल २०१७ मध्ये जाहीर झाले. ज्यांनी आपली लक्षणे नियमितपणे टॅबलेटवर किंवा संगणकावर नोंदवली आणि ती गंभीर होताच परिचारिकांना सूचना गेली, त्यांचे मध्यम आयुर्मान ३१.२ महिने होते. नेहमीच्या पद्धतीने तपासणीला येणाऱ्यांचे २६ महिने. जिथे त्रास बराचसा ठरलेला असतो तिथे, केमोतसुद्धा, सांगण्याने हा फरक पडला. जिथे त्रास कोणत्या अवयवाला आणि कोणत्या महिन्यात होईल हे आधी कोणालाच माहीत नसते, तिथे रुग्णाच्या शब्दाची किंमत त्याहून कमी असण्याचे कारण दिसत नाही. अर्थात सांगायला ऐकणारा लागतो. म्हणून पहिल्या बाटलीआधी रुग्णालयाकडून तीन उत्तरे लेखी घ्यावीत: रात्री-अपरात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करायचा, कोणती लक्षणे दिसताच थांबायचे नाही, आणि उपचार संपल्यावर किती काळ लक्ष ठेवायचे. ही उत्तरे ज्या केंद्राकडे तयार नसतील तिथे औषध कितीही आधुनिक असले तरी उपचार अर्धवटच आहेत, आणि तसे स्पष्ट म्हणण्याचा अधिकार रुग्णाला आहे.